फोटोत नसलेलंही विचारणाऱ्या डॉक्टरताईंना

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

फोनवर फोटो पाहून दुरूनच आमच्या मुलींच्या त्वचेवर उपचार करायचं तुमचं काम इंदुरातल्या आपल्या मराठी मंडळींना कळावं, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे. नाव घालू नका असं तुम्ही बजावलंत, ते पाळते.

अलीराजपूर जिल्ह्यातल्या आमच्या कन्या छात्रावासापासून, म्हणजे मुलींच्या वसतिगृहापासून, इंदूर सुमारे २०० किलोमीटर. मुलीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे आईबापांची मजुरी बुडणार. कित्येकींचे आईबाप तर गुजरातेत कामाला गेलेले. त्यामुळे खाज सुटली की बाजारातून एक ट्यूब यायची. स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकातच. लाली उतरायची, खाज दबायची आणि खरूज मात्र पसरत राहायची.

फोटो कसे काढायचे ते तुम्हीच शिकवलंत. दिवसाच्या उजेडात, एक लांबून, एक जवळून. चेहरा येऊ द्यायचा नाही आणि पालकांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. पण पहिला फोटो पाहून तुम्ही विचारलंत ते त्यात नव्हतंच: "रात्री जास्त खाजतं का? शेजारी झोपणाऱ्या मुलींनाही?" खाजत होतं. जवळजवळ सगळ्या खोलीला.

मग औषध एकीला नाही, सगळ्यांना. स्वयंपाकाच्या मावशी आणि मीसुद्धा, एकाच रात्री. ५ टक्के पर्मेथ्रिन, मानेपासून तळव्यांपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, बेंबीत. सकाळी आंघोळ, चादरी-कपडे गरम पाण्यात, आठवड्यानं पुन्हा तेच. आणि खरजेचे किडे मेले तरी खाज २ ते ४ आठवडे राहू शकते, कारण अंगाची ॲलर्जी लगेच शमत नाही, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. त्याबद्दल तुमचे विशेष आभार. ते ठाऊक नसतं तर घरची माणसं पुन्हा त्याच ट्यूबकडे वळली असती.

एका मुलीच्या पाठीवरच्या फिकट डागावर मात्र तुम्ही फोटो बघून औषध द्यायला साफ नकार दिलात. "तिथं स्पर्श कळतो का, ते मला इथून दिसत नाही," म्हणालात आणि कुष्ठरोग नाही ना, हे पाहायला तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलंत. संवेदना शाबूत निघाली. माझा तुमच्यावरचा विश्वास त्या नकारानं पक्का झाला. इथून काय कळणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती दुरून लेकरू सोपवावं.

होळीआधीच्या भगोऱ्या मेळ्याला घरी गेलेल्या मुली परतताना खरूज पुन्हा घेऊन येतात, हे सांगितल्यावर तुम्ही गावच्या आशाताईंशी फोनवर बोललात. त्या भिलीत एकेका घराला समजावत होत्या, तेवढा वेळ तुम्ही फोन धरून बसलात. दवाखान्यात तेव्हा रांग असणार, मला कल्पना आहे.

मुली तुमचा आवाज ओळखतात, तुम्हाला पाहिलेलं मात्र कुणीच नाही. सवड काढून या. मुक्काम माझ्याकडेच करायचा.

आपली कृतज्ञ,
छात्रावासाची अधीक्षिका