वर्तुळातला उंचवटा हीच खरी कबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी लेकीला शिळावर्तुळं, म्हणजे मोठ्या दगडांचं गोल कडं असलेल्या प्राचीन कबरी, दाखवायला काटोल रोडने नागपूरजवळच्या जुनापाणीला गेलो होतो. एका वर्तुळाच्या ऐन मधोमध चार-पाच पोरं चूल मांडून बसलेली, आणि चुलीचे दगड कुठले तर तिथल्याच उंचवट्यावरून उपसलेले गोटे. मी हटकलं तर एक जण म्हणाला, "काका, मोठ्या दगडांना हात पण नाही लावला." तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून वाटत होतं की जपायचं ते फक्त बाहेरचं कडं, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अहो, कडं म्हणजे नुसती हद्द आहे, कबर आहे ती मधल्या उंचवट्यात. मेलेल्या माणसासोबत मडकी, लोखंडी कुऱ्हाडी वगैरे ठेवायचे आणि वर काळी माती, गोटे भरायचे, हे सगळं अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं. जवळच माहुरझरीला तर माणसांबरोबर पुरलेले घोडे आणि घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिने निघालेत! जुनापाणीला अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत, रिवेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात काही खणून पाहिली, मग १९६१-६२ ला पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तीन. म्हणजे बहुतेक अजून तशीच मिटलेली आहेत. काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत, लेकीने त्यात अंगठा घालून पाहिला तर बरोब्बर बसला.

गोटे हलले की पावसाचं पाणी आत शिरतं, थर विस्कटतात, आणि आजच्या चुलीचा कोळसा जुन्या मातीत मिसळला तर उद्या कोळशावरून वय काढणाऱ्यांचीच फसगत.

हे सांगितल्यावर पोरांनी स्वतःहून बाटलीतलं पाणी ओतून चूल विझवली. तोच मुलगा हळूच विचारत होता, "म्हणजे आत अजून कोणी आहे का?"

संरक्षित स्मारकाच्या निळ्या बोर्डावर कायदा आणि शिक्षा लिहिलेली असते, १०० मीटरच्या आत बांधकाम बंद वगैरे, पण आपण उभे आहोत त्याच्या खाली काय आहे ते कुठे असतं? तिथे मराठीत एक मोठा बोर्ड लावा, वर्तुळ उभं कापलं तर आत कसं दिसतं त्याच्या चित्रासकट. आणि तो लागेपर्यंत असं एखादं चित्र आपल्या पेपरात तरी छापा, ही कळकळीची विनंती.

आपला एक वाचक,
नागपूर