वारा पडल्यावर वीज कुठून आणायची?

संपादक साहेब,
आमच्या पाटण तालुक्यात वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आहेत, जून ते ऑगस्ट नुसत्या गरगरतात पण ऑक्टोबर हीटमध्ये पाती ढिम्म हलत नाहीत आणि नेमका तेव्हाच शेतीपंपांचा लोड वाढतो. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की त्यातली ताकद निम्मी नाही, आठवा हिस्साच उरते, हे कुणी सांगतच नाही. म्हणून साठवण पाहिजेच. घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे ना, जास्तीच्या विजेवर पाणी वर चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची, तसले प्रकल्प सह्याद्रीत अजून व्हायला हवेत, अन् लवकर. परवा रात्री अडीचला बॅटरी घेऊन मोटर चालू करायला गेलो, उसाच्या अर्ध्या सरीत पाणी पोचलं आणि लाईट गेली.

– एक शेतकरी, पाटण