विहिरीचं चित्र पाकिटातच राहिलं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ख्रिस्ती-मुस्लिम संघर्षावरचा लेख वाचला. लेखकाचा मुद्दा थोडक्यात असा, की भांडण असतं जमिनीचं, पाण्याचं, तेलाचं आणि खुर्चीचं. धर्म हा नुसता झेंडा. तेव्हा शिकवणुकीला दोष देऊ नये. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच शहाण्या माणसांना हे पटतं, कारण ते सोयीचं आहे. कुठल्याच चर्चला किंवा मशिदीला काही विचारावं लागत नाही. मी मात्र २४ वर्षं दर रविवारी सकाळी मुलांना पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवलं आहे. झेंड्याला काठी कुठे बसवतात ते मला माहीत आहे. ती मी स्वतः बसवलेली आहे.

मी मराठी ख्रिस्ती, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. राहते नाना पेठेत, एका जुन्या वाड्यात. समोरच्या दोन खोल्यांत एक हाफिजसाहेब राहतात. ते मक्तबात मुलांना कुराण शिकवतात. म्हणजे आमचा धंदा एकच, आणि गिऱ्हाईकही एकाच वयाचं, ६ ते १२.

गोष्ट आहे मे महिन्यातल्या सुट्टीच्या शास्त्रशाळेची. निळ्या फ्लॅनेलचा फळा असायचा. चित्रांच्या पाठीला खरखरीत कापड लावलेलं, दाबली की ती फळ्याला चिकटायची. पंखा जोरात असला की अब्राहाम खाली पडायचा आणि मुलं खिदळायची. शिक्षकांचं पुस्तक बाहेरदेशीच्या पुस्तकाचं भाषांतर होतं. त्या दिवशीचा पाठ होता अब्राहाम, सारा, त्यांची दासी हागार आणि तिचा मुलगा इश्माएल. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १६व्या अध्यायात इश्माएलाबद्दल म्हटलंय, की तो रानगाढवासारखा मनुष्य होईल, त्याचा हात सर्वांविरुद्ध आणि सर्वांचे हात त्याच्याविरुद्ध उठतील. त्याखाली पुस्तकात चौकट होती, ‘आजचे मुसलमान हे इश्माएलाचे वंशज.’ मी चौकट वाचून दाखवली. पहिल्या रांगेतल्या एका मुलानं हात वर केला.

“म्हणजे आमच्या गल्लीतले सायकलवाले चाचा?”

मी म्हटलं, “हो, तेसुद्धा.” आणि पुढचं चित्र लावायला घेतलं.

संपादक महोदय, एवढंच. मी कुणाला मारा म्हटलं नाही, कुणाचा द्वेष करा म्हटलं नाही. पण ज्या चाचांकडून तो पोरगा रोज फुकट हवा भरून घ्यायचा, त्यांना मी देवाच्या पुस्तकाच्या आधारानं रानगाढव करून मोकळी झाले. त्याला अर्धं मिनिट लागलं असेल.

पाठ तिथेच संपायचा. पुढच्या दिवशी साराचा मुलगा इसहाक. पण चित्रांच्या पाकिटात एक चित्र कायम शिल्लक राहायचं. दगडी विहीर, शेजारी खजुराचं झाड. ते कुठल्या पाठाचं, हे मी बरीच वर्षं पाहिलंच नाही. ते याच गोष्टीचं होतं. २१व्या अध्यायात अब्राहाम हागारेला भाकर आणि पाण्याची पखाल देऊन घराबाहेर काढतो. रानात पाणी संपतं. ती पोराला झुडपाखाली टाकते आणि पोराचं मरण बघवणार नाही म्हणून बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन रडत बसते. देव मुलाचा आवाज ऐकतो. इश्माएल या नावाचा अर्थच ‘देव ऐकतो’. तिला विहीर दिसते. आणि पुढे स्पष्ट वाक्य आहे, देव त्या मुलाबरोबर होता. २५व्या अध्यायात तर इसहाक आणि इश्माएल दोघे मिळून बापाला मूठमाती देतात. आमचं पुस्तक रानगाढवावर थांबलं होतं, आणि मीही.

हे थांबणं मी शोधून काढलेलं नाही. ८व्या शतकात दमास्कसचा योहान हा मोठा धर्मपंडित होऊन गेला. त्याचं घराणं खलिफांच्या महसूलखात्यात चाकरीला होतं, म्हणजे मुसलमान त्याच्या रोजच्या पाहण्यातले. तरी त्यानं आपल्या पाखंडांच्या यादीत त्यांना इश्माएली, हागारी म्हणून घातलं आणि त्यांच्या धर्माला ख्रिस्तविरोधकाचा अग्रदूत ठरवलं. पुढे कित्येक शतकं ख्रिस्ती जगात ‘हागारी’ ही शिवीच झाली. नाना पेठेतल्या फ्लॅनेलच्या फळ्यापर्यंत ती अशी हातोहात आली.

आता लेखकाच्या झेंड्याकडे वळते. १०९५ साली फ्रान्समधल्या क्लेर्मोंला पोप दुसऱ्या अर्बननं जेरुसलेम मुसलमानांकडून घेण्यासाठी धर्मयुद्धाची हाक दिली. त्यामागे राजकारण होतंच. कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, ख्रिस्ती बादशहानं मदत मागितली होती, आणि युरोपातले सरदार एकमेकांच्या उरावर बसले होते. पण खेड्यातल्या माणसाला काय ऐकू आलं? जो जाईल त्याचं पापाचं प्रायश्चित्त माफ. शेतसारा माफ व्हावा तसं. कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहासाठी कोण हजार कोस चालत जाईल? प्रायश्चित्त माफ होणार म्हटल्यावर लोक चालले, आणि १०९९ च्या जुलैत जेरुसलेममध्ये मुसलमान आणि यहुदी, बायकापोरांसकट कापले. एकदा सवय लागल्यावर १२०४ साली खांद्यावर क्रूस लावलेल्या माणसांनी ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलच लुटलं, तो भाग निराळा.

हे झालं आमचं. आता समोरच्या दाराचं. हाफिजसाहेबांना विचारून, त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे.

दर नाताळला मी वाड्यात फराळाची ताटं देते. करंज्या, चकल्या, थोडे अनारसे. एका वर्षी समोरच्या भाभींच्या धाकट्यानं ताट दारातूनच परत आणलं. वर रुमाल जसाच्या तसा. “बाई, उस्ताद ने बोला है नहीं खाने का. ईसाई लोगों का है ना.” हे उस्ताद म्हणजे हाफिजसाहेब नव्हेत. पोरगा तेव्हा दुसऱ्या मक्तबात जायचा. मी ताट घेतलं. ओशाळायला झालं, आणि राग पण आला. संध्याकाळी भाभी स्वतः येऊन ताट घेऊन गेल्या. काही बोलल्या नाहीत, करंजी तिथेच मोडून तोंडात टाकली.

रात्री हाफिजसाहेब आले. म्हणाले, “बाई, पोराला जे सांगितलं ते आमच्याच किताबाच्या उलट आहे.” मग मला त्यांनी कुराणाचा ५वा सुरा, म्हणजे अध्याय, समजावला. त्याचं नाव अल-माइदा, म्हणजे जेवण मांडलेलं दस्तरख्वान. हे नाव कशावरून, तर ईसाच्या शिष्यांनी आकाशातून वाढलेलं ताट मागितलं त्या प्रसंगावरून. म्हणजे आमच्या येशूच्या पंगतीचं नाव त्यांच्या सुऱ्याला! याच सुऱ्याच्या ५व्या आयतीत, म्हणजे वचनात, सांगितलंय, की ज्यांना आधी किताब दिली गेली त्यांचं अन्न तुम्हाला हलाल. ८२वीत म्हटलंय, की श्रद्धावंतांना मायेनं सर्वांत जवळचे कोण, तर जे ‘आम्ही ख्रिस्ती’ म्हणतात ते. आणि यांच्या मधोमध ५१वी आयत आहे, यहुदी-ख्रिस्त्यांना ‘औलिया’ करू नका. उस्तादांनी पोरांना हीच एक पाठ करून दिली होती आणि ‘औलिया’चा अर्थ सांगितला होता दोस्त. हाफिजसाहेब म्हणाले, हा शब्द पाठीराख्याला, पालनकर्त्याला लावतात. लढाईच्या दिवसांतलं वचन आहे, कुणाच्या आश्रयाला जावं एवढ्यापुरतं. जुने पंडितही यावर एकमताचे नाहीत, हेही त्यांनी लपवलं नाही. मी ९व्या सुऱ्यातल्या जिझियाचं काढलं तेव्हा त्यांनी तेही टाळलं नाही. “आहे ना, बाई. आहे ते आहे. पण सहा वर्षांच्या पोराला सुरुवात कुठून करायची, हे शिकवणाऱ्याच्या हातात असतं.”

आम्ही काही एकमेकांचे झालो नाही. येशू क्रूसावर मेला हे त्यांच्या किताबाला मान्य नाही, आणि मी ते सोडणार नाही. त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव हे, मी कितीही समजावलं तरी ते मान हलवतात आणि चहा मागवतात. हा फरक करंजीनं मिटणारा नाही, आणि मिटवायला कुणी सांगितलंय?

लेखकानं नायजेरियाचं उदाहरण दिलं आहे, पण अर्धंच. कडुना राज्यात १९९२ साली झांगोन-काताफला दंगल झाली, ती खरोखरच बाजाराची जागा हलवण्यावरून. उद्या आपली मंडई हलवायची म्हटली तर इथेही डोकी फुटतील. पण बाजारावरून भांडणारे लोक चर्च आणि मशिदी का जाळत सुटले? त्या दंगलीत जेम्स वुये या तरुण पाळकाचा उजवा हात गेला, आणि मुहम्मद अशाफा या इमामाचे गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. दोघेही आपापल्या बाजूच्या तरुणांचे म्होरके. दोघेही वर्षानुवर्षं एकमेकांचा सूड घ्यायच्या विचारात. अशाफांचा सूड कशानं सुटला, तर शुक्रवारच्या एका खुतब्यानं, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनानं. अरबस्तानातल्या ताइफ गावच्या लोकांनी पैगंबरांना दगड मारून रक्तबंबाळ केलं आणि तरी पैगंबरांनी त्यांचा नाश मागितला नाही, ही कथा त्या दिवशीच्या इमामानं सांगितली. वुयेंनाही त्यांच्याच एका धर्मबंधूनं सुनावलं, की मनात द्वेष ठेवून ख्रिस्ताचा प्रचार होत नाही. १९९५ मध्ये दोघांची गाठ पडली आणि पुढे कडुनात दोघांनी मिळून समेटाचं केंद्र चालवलं. बाजाराचा तंटा होता तसाच होता. बदललं ते शुक्रवारी आणि रविवारी कानावर पडणारं.

इंडोनेशियातल्या अंबोनमध्ये १९९९ साली ईदच्या दिवशी मिनीबसचा ड्रायव्हर आणि प्रवासी यांच्यात जुंपली. लवकरच ख्रिस्त्यांच्या डोक्याला लाल पट्ट्या आणि मुसलमानांच्या डोक्याला पांढऱ्या. २००२ मध्ये मालिनोचा शांतताकरार होईपर्यंत हजारो माणसं गेली. हे तेच बेट, जिथे ‘पेला’ नावाची जुनी रीत आहे. बऱ्याचदा एक ख्रिस्ती गाव आणि एक मुस्लिम गाव भाऊभाऊ होतात, चर्च बांधायला मुसलमान येतात आणि मशीद बांधायला ख्रिस्ती. पेला आजोबांनी शिकवलेली, पट्ट्या नव्या प्रचारकांनी.

मोठी माणसं वर काही करत नाहीत असंही नाही. कॅथलिक चर्चनं १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत लिहून दिलं, की चर्च मुसलमानांकडे आदरानं पाहतं. २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट यांच्या जर्मनीत रेगेन्सबुर्गला केलेल्या भाषणातल्या इस्लामबद्दलच्या उल्लेखावरून जगभर गदारोळ झाला, आणि दुसऱ्या वर्षी १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मप्रमुखांना जाहीर पत्र लिहिलं. देवावर प्रीती आणि शेजाऱ्यावर प्रीती या दोन आज्ञा आपल्या दोघांच्या आहेत, असं त्यात होतं. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस आणि इजिप्तमधल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे इमाम अहमद अल-तय्यिब यांनी अबू धाबीत बंधुत्वाच्या निवेदनावर सह्या केल्या. आम्ही प्रोटेस्टंट, तेव्हा पोपचं राहू द्या. पण मुसलमानांचं ते पत्र तरी २४ वर्षांत माझ्या वर्गाच्या पुस्तकात एका ओळीनं यावं? नाही आलं. हाफिजसाहेबांच्या मक्तबातही नाही. वरचं पाणी वरच मुरतं. खाली येतं ते चौकटीतलं.

म्हणून माझी मागणी लहान आहे. संडे स्कूलच्या आणि मक्तबाच्या पुस्तकात दुसऱ्या धर्माबद्दल जी एखादी ओळ असते, ती छापण्याआधी त्या धर्माच्या एका शिक्षकाला दाखवावी. त्यानं मंजुरी द्यावी असं नाही. नुसती वाचावी, आणि ‘पुढचं पान का नाही?’ एवढं विचारावं. पुण्यात अशा माणसांचा तुटवडा नाही. रामवाडीला कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ आहे, कॅम्पात मुस्लिम शिक्षणसंस्थेचं आझम कॅम्पस आहे. आणि ते लांब वाटत असेल तर वाड्यात समोरचं दार असतं.

हाफिजसाहेब हजहून आले तेव्हा त्यांनी मला मक्केतल्या झमझम विहिरीच्या पाण्याची छोटी बाटली दिली. हे पाणी उभ्यानं प्यायचं असतं, म्हणाले. हाजरा पोरासाठी पाणी शोधत दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावली, तेव्हा तिला मिळालं ते हेच पाणी, म्हणून हाजीही तसेच चालतात. हाजरा म्हणजे आमची हागार. मी उभी राहून प्यायले, आणि घरी येऊन माळ्यावरून पाकीट काढलं.

आता वर्ग एक तरुण मुलगी घेते. गेल्या मे महिन्यात मी ते विहिरीचं चित्र तिला नेऊन दिलं आणि २१वा अध्याय काढून दाखवला. तिनं पुस्तक चाळलं. “बाई, हे तर पोर्शनमध्ये नाहीये. परीक्षेत विचारणार नाहीत.” मी म्हटलं, नाही विचारणार. तिनं चित्राच्या पाठीचं कापड बोटानं चाचपून पाहिलं. म्हणाली, “गेलंय हे, चिकटणार नाही. नवं लावायला लागेल.” लक्ष्मी रोडवरून अर्धा मीटर फ्लॅनेल आणून दिलं आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नाना पेठ, पुणे
(नाव छापू नये, ही विनंती. वाडा लहान आहे.)