मंत्रिमहोदय, ‘घाबरू नका’ म्हणण्याआधी माप सांगा

प्रति,
माननीय मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

परळला आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी टाकलेलं, आता मी बघतो. दहा बाय बाराचा गाळा, पुढे फळी, वर पोटमाळा. एका अंगाला चाळी आणि दुसऱ्या अंगाला गिरण्यांच्या जागेवर उभे राहिलेले टॉवर, त्यामुळे दोन्हीकडचं गिऱ्हाईक येतं. पाव किलोवालंही येतं आणि गाडीची डिकी उघडून ‘भरा’ म्हणणारंही येतं. साथ आली की सरकार ‘घाबरू नका’ म्हणतं, पण घरात किती सामान ठेवायचं याचं माप सांगत नाही; त्याबद्दलचं हे पत्र मनात बरेच दिवस होतं. करोना ओसरला, लोक विसरले, म्हणून आत्ता लिहितो. पुन्हा तशी वेळ आल्यावर तुम्हाला वाचायला सवड नसेल आणि मला लिहायला.

तारीख २४ मार्च २०२०, मंगळवार. दुसऱ्या दिवशी पाडवा. लोकल बंद झाल्या होत्या, रस्ते सुने होते, तरी दुकानात साखरगाठ्यांच्या माळा लटकत होत्या आणि लोक चणाडाळ, गूळ, वेलची नेत होते. रात्री आठला टीव्हीवर भाषण झालं. बारापासून देश बंद, २१ दिवस. किराणा चालू राहणार की नाही, हे नीट कळण्याआधीच लोक जिने उतरले. ते भाषण तुमच्या खात्याचं नव्हतं, मान्य. पण साडेआठला माझ्या फळीपुढे जी झुंबड उडाली, ती तुमच्या खात्याची होती.

त्यात एक गृहस्थ होते. टॉवरमधले, सभ्य, कधी भावावरून घासाघीस न करणारे. घरात चार माणसं. त्यांनी तांदळाचे २५ किलोचे चार कट्टे घेतले, तेलाचे १५ लिटरचे दोन डबे, आणि मॅगीचा अख्खा खोका. माझा पोरगा आणि मी, आम्हीच ते लिफ्टपर्यंत वाहून नेलं. खोटं कशाला बोलू, गल्ला भरत होता आणि मला बरं वाटत होतं. सव्वाअकराला शटर ओढलं तेव्हा मागे उरलं होतं ते एवढंच: शेवयांचे दोन पुडे, रिकामी बारदानं आणि गाठ्यांच्या माळा.

सकाळी सातला मावशी आल्या. चार घरी धुणंभांडी करतात, रोजचं रोज नेतात. ‘भाऊ, अर्धा किलो तांदूळ, पाव किलो चणाडाळ अन् थोडा गूळ.’ मी म्हटलं, मावशी, माल नाही. त्यांना आधी थट्टाच वाटली. मग मागची रिकामी फळी बघितली, वर लटकणाऱ्या माळा बघितल्या आणि म्हणाल्या, ‘मग पाडवा काय गाठ्यांवर करायचा?’

त्या दिवसापासून मी हिशेब करतोय. चार माणसांच्या घराला पंधरवड्याला सात किलो तांदूळ भरपूर होतो. म्हणजे त्या गृहस्थांनी सात महिन्यांचा तांदूळ नेला होता. ते साठेबाज नव्हते. घाबरले होते. किती पुरतं हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं, आणि मीही त्या रात्री सांगितलं नाही.

साहेब, साठवणूक आपल्याकडे नवीन नाही. माझी आजी राजापूरकडची. चैत्र सरला की तिची आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, सुरू व्हायची. तांदूळ, कुळीथ, आमसुलं, सुकट-बोंबील, फेण्या, पापड, वर्षाचा मसाला, चुलीला लाकूडफाटा. तांदळात बिब्बे टाकायचे, तूरडाळीला एरंडेलाचा हात फिरवायचा, कडधान्याला कडक ऊन दाखवायचं. पण ती हे सगळं भरायची ते बाजारात माल ओसंडत असताना, भाव उतरलेले असताना. श्रावणात भाव चढल्यावर तिने पायली जास्त आणल्याचं मला आठवत नाही. तिची कणगी भरली म्हणून शेजारच्या घरातली रिती झाली नाही.

मुंबईत कणगी नाही आणि ऊन दाखवायला अंगणही नाही. इथे जून लागला की हवाच ओली. कणीक महिन्याभराने कुबट लागते, रव्याला जाळं धरतं, शेंगदाणे खवट होतात. जुलैत तेच गृहस्थ जरा ओशाळून आले. तांदळात टोके झाले होते. दोन कट्टे अजून शिवलेले होते, अर्ध्या भावात परत घ्याल का, असं विचारत होते. मी म्हटलं, घरीच पाखडून घ्या, चांगला निघेल. त्यांच्याकडे सूप नव्हतं.

आता माप सांगतो. पंधरा दिवसच का? तेव्हा घरात कुणाला लागण झाली, किंवा लागण झालेल्याशी संबंध आला, की १४ दिवस घरात बसायला सांगत. मे २०२० मध्ये मुंबईला माल पुरवणारं वाशीचं घाऊक मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं, कारण व्यापारी, माथाडी सगळ्यांतच रोग पसरला होता. दोन्ही गोष्टी पंधरा दिवसांत बसतात. त्याहून जास्त साठा मुंबईच्या खोलीत मावतही नाही आणि टिकतही नाही.

चार मोठ्या माणसांना पंधरा दिवस: तांदूळ ७ किलो, कणीक ८ किलो, डाळी २ किलो, कडधान्य २ किलो, तेल २ लिटर, साखर दीड किलो, मीठ १ किलो, चहा पाव किलो, पोहे नि रवा एकेक किलो. सगळं मिळून पंचवीस-सव्वीस किलो. दोन पत्र्याचे डबे, खाटेखाली. कष्टाची कामं करणाऱ्यांना कणीक थोडी जास्त धरा. हे एका दिवशी न्यायचं नाही. या आठवड्यात डाळ किलोभर जास्त, पुढच्या आठवड्यात तेलाची एक पिशवी जास्त, असं महिन्या-दीड महिन्यात भरतं आणि बाजाराला त्याचा पत्ताही लागत नाही. नवा माल मागे, जुना पुढे, ही आमची दुकानाची रीत घरीही चालते. आणि जे रोज खातो तेच ठेवायचं. त्या मार्चमध्ये ज्यांनी जन्मात पास्ता शिजवला नाही त्यांनी पास्ता नेला. मीठ, काडेपेटी आणि बीपीच्या गोळ्या मात्र विसरले. सॅनिटरी पॅड तर बायका माझ्या बायकोला बाजूला घेऊन, दबक्या आवाजात मागायच्या. ते यादीत पहिल्या पाचात हवेत.

ही यादी माझ्यासारख्या वाण्याने सांगितली तर ‘याला माल खपवायचाय’ असं म्हणतात. तुमच्या खात्याच्या शिक्क्याने, मराठीत, माणशी हिशेबाने, साध्यासुध्या महिन्यात ती प्रत्येक रेशन दुकानाच्या आणि किराणा दुकानाच्या दाराशी लागली तर लोक ती वाचतील. माझी पहिली मागणी ही.

दुसरी पाटीची. २६ तारखेला थोडा माल आला. या वेळी मी खडूने पाटीवर लिहिलं: एका घराला तांदूळ ५ किलो, तेल २ लिटर. दहा मिनिटांत भांडण. ‘तू कोण ठरवणार? फुकट मागतोय का?’ एकाने माझा फोटो काढला, तक्रार करणार म्हणून. तक्रार कशाची, हे त्यालाही सांगता आलं नाही. माझ्यामागे कागद नव्हता, म्हणून मला आवाज चढवावा लागला. त्याच मार्चमध्ये, १३ तारखेला, केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घातले होते. म्हणजे सरकारच्या मनात आलं तर कागद एका दिवसात निघतो. मग घरटी मर्यादेचा आदेश आधीच तयार करून ठेवायला काय हरकत आहे? साथ जाहीर झाली की त्याच दिवशी तो लागू व्हावा. आम्हा वाण्यांना, मॉलला आणि मोबाईलवरून सामान पोचवणाऱ्या कंपन्यांनाही. फक्त आम्हालाच नको. आम्ही पाटी लावायची आणि त्याच गल्लीत अ‍ॅपवरून कट्टे चढायचे, हे चालणार नाही.

आणि त्या आदेशात सुट्ट्या मालाचा एक ओळीचा उल्लेख हवाच. टंचाई आली की सगळ्यात आधी पाव किलो संपतं. घाऊक व्यापारी म्हणतो पूर्ण कट्टा घे, दुकानदार म्हणतो पूर्ण पाकीट घे, आणि दहा रुपयांचं तेल मागणारी बाई फळीपुढून तशीच परत जाते. सकाळचा पहिला तास फक्त सुट्ट्या मालाचा, असं मी पुढे केलं. दुकानात माशी शिंकली नाही.

माझी आई १९७२-७३ च्या लाटणे मोर्चांत होती, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर. तेल, साखर, रॉकेलसाठी ताटल्या बडवल्या होत्या त्या बायकांनी. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी समोरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांतून थाळ्या वाजू लागल्या, तेव्हा ती खिडकीशी आली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, ‘आमच्या वेळी वाजवली की रॉकेल तरी यायचं.’ विषयाला सोडून झालं, पण राहवलं नाही.

रेशनबद्दल. तुम्ही काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. केंद्राचं माणशी ५ किलो मोफत धान्य आलं, केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये ८ रुपयांनी गहू आणि १२ रुपयांनी तांदूळ मिळाला, शिवभोजन थाळी १० ची ५ रुपयांवर आली. त्या थाळीवर आमच्या गल्लीतली काही म्हातारी माणसं जगली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हे सगळं भीतीच्या मागून आलं. आणि एरवीचं रेशन म्हणजे माणशी महिन्याला ५ किलो, दिवसाला साधारण १६६ ग्रॅम. एक वाटी, थोडी शिगोशीग. ते त्याच महिन्यात पोटात जातं, त्यातून साठा कुठून व्हायचा? शिवाय गहू घरात असून उपयोग नाही, दळायला गिरणी हवी. त्या एप्रिलमध्ये आमचा गिरणीवाला गावी अडकला होता आणि मावशींच्या पिशवीत गहू तसाच पडून होता. शेवटी त्यांनी भिजवून, वाटून त्याची खीर केली, तीही बिनदुधाची.

२०२५ च्या पावसाळ्याआधी जून ते ऑगस्ट असं तीन महिन्यांचं धान्य एकदम द्यायचं ठरलं. म्हणजे आगाऊ देणं जमतं. पण पाच माणसांच्या घराला ते ७५ किलो होतं. ज्या खोलीत पाय लांब करायला पाळी लावावी लागते तिथे ७५ किलो ठेवायचे कुठे? काही जणांनी ते लगेच विकलं. त्यांना दोष देऊ नका, उंदरांनी खाण्यापेक्षा ते बरं. माझं म्हणणं लहान आहे: एकदाच, एखाद्या साध्या महिन्यात, प्रत्येक पात्र कार्डावर माणशी अडीच किलो जादा द्या. पाच माणसांना साडेबारा किलो, एका डब्यात मावतं. पुढे दर महिन्याला जुनं खायचं आणि नवं त्यात टाकायचं. ज्याच्याकडे आगाऊ घ्यायला पैसे नाहीत, त्याच्याही घरात मग पंधरा दिवस असतील.

शेवटचा मुद्दा जरा अडचणीचा आहे. १९८२ च्या गिरणी संपात वडिलांनी उधारीची वही कुणाला बंद केली नाही. त्यातली काही पानं अजून तशीच आहेत, न फिटलेली. माझी तेवढी छाती नाही. पण २०२१ च्या लाटेनंतर मी वेगळं काही सुरू केलं. मावशी आणि त्यांच्यासारख्या अकरा जणी दर आठवड्याला ५० रुपये माझ्याकडे ठेवतात. त्यातून भाव उतरलेला असताना त्यांचा तांदूळ, डाळ, तेल मी घेतो आणि ते माझ्याच पोटमाळ्यावर राहतं, कारण त्यांच्या घरी जागा नाही. बारा डबे आहेत. नावं लिहिली तर सगळ्यांना वाचता येत नाहीत, म्हणून कड्यांना साडीच्या काठाच्या चिंध्या बांधल्यात, मावशींची हिरवी. दर दोन महिन्यांनी जुनं त्या घेऊन जातात आणि डबा पुन्हा भरतो.

जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली साठ्याच्या मर्यादा दुकानदारांना लागतात, घरांना नाही, आणि मर्यादा मोडली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे बारा डबे त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत, हे मला कळतं. पण माल माझ्या गाळ्यात आहे, माझ्या वहीत त्याची विक्री झालेली आहे, आणि तरी तो कुणी नेलेला नाही. उद्या साथ आली आणि तपासणीला कुणी पोटमाळ्यावर चढलं तर मी याला काय म्हणायचं? असा डबा ठेवायला कायद्यात एखादी ओळ असेल तर कळवा. नसेल तर घाला. पत्ता पाकिटावर लिहिला आहे. सकाळी सात ते आठ सोडून केव्हाही माणूस पाठवा, त्या तासाला पाव किलोवाल्यांची गर्दी असते.

आपला,
परळचा एक किराणा दुकानदार