जिन्याखाली चार्जिंग नको

नाशिक, रविवार

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून पत्र नाही, हवं ते बोल, ऐकून घेईन. तब्येत ठीक, गुडघे आहेत तसेच.

नंदाकडून कळलं, तुझ्या इलेक्ट्रिक मोटारसायकलच्या मॉडेलला बॅटरी कनेक्टरचा रिकॉल लागलाय, म्हणजे दोष तपासायला कंपनीनं गाड्या परत बोलावल्यात, आणि तू म्हणतोस, "मला पत्र आलं नाही, म्हणजे माझी गाडी त्यात नाही." अरे, गाडी तू जुनी घेतलीस! पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलं असेल. रिकॉल चासी नंबरावरून ठरतो. आरसीवरचा 17 अक्षरांचा नंबर उद्याच सर्व्हिस सेंटरला कळव.

सैल कनेक्टर ही किरकोळ गोष्ट नाही. एप्रिल 2022 मध्ये ओकिनावा कंपनीनं 3,215 प्रेझ प्रो स्कूटर त्याच तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. जोड ढिला झाला की विजेच्या वाटेतला रोध वाढतो. 60 अँपिअरला नुसता पाच मिलिओहम रोध धरलास तरी 18 वॅट उष्णता, आणि ती नखाएवढ्या जागेत. प्लास्टिक आधी तपकिरी पडतं, मग वितळतं. तू उघडून बघणारच, म्हणून सांगतो, हात लावू नकोस. बॅटरीच्या डीसी विजेची ठिणगी घरातल्या एसीसारखी चटकन तुटत नाही. रेडिओवरून झालेलं भांडण पुन्हा नको, त्यातही बरोबर मीच होतो.

आणि तोवर रात्रीचं चार्जिंग बंद. जिन्याखाली तर मुळीच नाही. बापू वर झोपतात, खाली यायला तोच एक जिना.

सर्व्हिस सेंटरला पोचल्यावर जॉबकार्डवर "रिकॉल" आणि त्याचा क्रमांक लिहून घे, नुसतं "जनरल चेकअप" नको. रिकॉलच्या कामाचे पैसे नसतात. "घट्ट करून देतो" म्हणाले आणि पिन काळी पडलेली दिसली, तर ऐकू नकोस. तापलेल्या पिनेची पकड जाते, ती पुन्हा सैल होते. कनेक्टरचे नर-मादी दोन्ही भाग नवे हवेत. टर्मिनलचा बोल्ट टॉर्क रेंचनं ठरल्या जोरानं आवळून त्यावर रंगाची खूण करायला सांग, म्हणजे पुढे तो फिरला तर दिसेल. सील रिंग बसलेली बघ, नाहीतर पहिल्याच पावसात पिना गंजतील. बॅटरी बदलली तर नवा सिरीयल नंबर बिलावर हवा.

पहिलं चार्जिंग दिवसा, उघड्यावर, तू जवळ असताना कर.

चिनूच्या लग्नाची तारीख कळव. वहिनींना नमस्कार. चासी नंबराचं काय झालं ते मात्र फोनवरच सांग, पत्राची वाट बघवणार नाही.

तुझा,
दत्ता