सूचना : वायडीएम-४ मॉडेलची आगाऊ रक्कम

सदस्यहो, वायडीएम-४ या डिझेल रेल्वे इंजिनाच्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) मॉडेलसाठी सध्या कोणीही यूपीआयने पैसे पाठवू नका. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता परभणीच्या बैठकीत ठरवू.

तोवर निर्मात्याला विचारून ठेवा :

- चालता नमुना आहे का? संगणकावरचं चित्र म्हणजे नमुना नव्हे. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर डबे ओढतानाचा व्हिडिओ मागा. सहा आसांच्या इंजिनाची बोगी (खालची चाकांची चौकट) बॉडीला अडली की ते तिथेच घसरतं.
- गेज (दोन रुळांमधलं अंतर) १२ मिमी ना? रूळ सहज मिळतात म्हणून १६.५ मिमी लावलं, तर मीटर गेजचं इंजिन बेढब दिसतं.
- मोटर, गिअर सुटे मिळतील?

आगाऊ ३० टक्क्यांपुढे नको. पावतीवर तारीख आणि परताव्याची अट हवीच. कारागीर लबाड असतोच असं नाही; साचा बिघडला की आपलेच पैसे दुरुस्तीत जातात.