दार लोटून घेत होते ते

मिरज, रविवार

प्रिय मनू,

परवा फोनवर तू रडलीस आणि मला एक शब्द सुचला नाही. रक्त पडलं त्या रात्री मी इचलकरंजीच्या अक्कांना फोन केला, तुला नाही. तुला ते आठ दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. "परक्या बाईला सांगतेस आणि पोटच्या मुलीला नाही?" असं तू विचारलंस. सलग बोलायला लागले की मला ढास लागते, म्हणून लिहिते आहे.

आधी त्या रात्रीचं सांगते. दोनच्या सुमाराला खोकला आला आणि बेसिनमध्ये लाल दिसलं. हातपाय गार पडले माझे. अक्कांनी लगेच फोन उचलला. "अगं बाई" नाही की "घाबरू नका" नाही. त्यांनी विचारलं, "चमचाभर आहे की वाटीभर? बेडक्यात रेघ आहे की नुसतंच रक्त? ताप आहे का? कुठल्या बाजूला खळखळ वाटतेय?" मी डावीकडे म्हटलं. "मग डाव्या कुशीवर झोपा, म्हणजे चांगल्या बाजूत रक्त उतरणार नाही. चमचाभर आहे तर डॉक्टरांना आत्ता फोन लावून सकाळी जा. वाढलं तर रिक्षा बोलवा, सकाळची वाट बघू नका." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. उजाडेपर्यंत अक्का फोनवर होत्या. त्यांना दोनदा असंच रक्त पडलेलं आहे.

तुला फोन केला असता तर झोपलेल्या चिनूला उचलून तू रात्रीच ठाण्याहून निघाली असतीस. "काही नाही गं, थोडंसंच आहे" असं मी तुला म्हणत बसले असते. त्या रात्री माझ्याकडे कुणाला द्यायला धीर नव्हता, मनू. मलाच तो हवा होता.

पण हे एका रात्रीचं नाही, म्हणून मागचंही सांगते.

१९९१ साली, तू जन्मायच्या आधी, मला टीबी झाला होता, हे तुला माहीत आहे. कोर्स पूर्ण केला, बरी झाले. पण डाव्या फुफ्फुसातल्या नळ्या तेव्हा आतून खराब झाल्या आणि कायमच्या रुंदावल्या. धड नळीतून कफ आपोआप वर सरकतो, रुंदावलेल्या नळीत तो साचून राहतो आणि साचलेल्या जागी जंतू घर करतात. याला ब्रॉन्किएक्टॅसिस म्हणतात. हे नाव मला तीस वर्षांनी कळलं. तोवर मी "माझा खोकला जुनाच आहे" म्हणत शिलाईचं मशीन चालवत राहिले. आजार मला कळला तो टेपवर. माझं ब्लाउज चौतीसचं बत्तीसवर आलं, मग तीसवर. दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाचं असतं तर मी विचारलं असतं, बाई, काय झालंय तुम्हाला? स्वतःचे टाके मात्र गपचूप आत घेत गेले.

पाच महिन्यांच्या चिनूला घेऊन तू माहेरी आलीस तेव्हा माझी थुंकी पॉझिटिव्ह आली होती. एका दवाखान्यात परत टीबीचीच औषधं सुरू झाली. सीबीनॅट ही थुंकीचीच दुसरी तपासणी निगेटिव्ह आली होती, पण तो कागद फाइलमध्ये तसाच पडून राहिला. आठ महिने मी त्या बाळाला मांडीवर घेतलं नाही. तू अंगणात त्याला तेल लावायचीस आणि मी उंबऱ्याच्या आतून बघायचे. तुला वाटलं, आईला नातवाची हौस नाही. तू तसं म्हणालीस नाहीस, पण मला दिसत होतं.

आणि तो टीबी नव्हताच. टीबीच्या जंतूचे पुष्कळ भाऊबंद पाण्यात आणि मातीत राहतात. थुंकीच्या काचेवर सगळे सारखेच रंगतात, म्हणून रिपोर्ट पॉझिटिव्ह येतो. सीबीनॅट फक्त टीबीचाच जंतू ओळखतं. काचेवर पॉझिटिव्ह आणि सीबीनॅट निगेटिव्ह म्हटल्यावरच कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. या गोष्टीचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवणार नाही. पुढच्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवशीची थुंकी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवली, कारण हा जंतू पाण्यातून चुकूनही नमुन्यात येतो, एका रिपोर्टवर औषध देत नाहीत. कल्चरचा निकाल यायला सहा आठवडे लागू शकतात. दोन्हींत एकच नाव निघालं, मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलरे. सीटी स्कॅनही त्याला जुळला. डॉक्टर म्हणाले, हा घरातल्या माणसांना लागत नाही. मी तीनदा विचारलं. बाळाला? बाळालाही नाही. त्या संध्याकाळी मी तुला व्हिडिओ कॉल लावला आणि नुसती चिनूला बघत बसले, आठवतं? कारण सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं.

अक्का मला भेटल्या त्या फुफ्फुसांच्या तपासणीच्या खोलीबाहेर, बाकावर. माझ्या हातातला थुंकीचा डबा मी पदराखाली धरला होता. त्यांनी आपला डबा उघड मांडीवर ठेवला होता आणि म्हणाल्या, "कितव्यांदा?" मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवरा यंत्रमागावर, घरात दोन सुना, आणि या सकाळी एक तास कफ काढतात, ते सगळ्या घराला माहीत. मी मात्र नळ सोडून, दार लोटून खोकायची, कारण तुझ्या लग्नाच्या वेळी तुझ्या मावशीने बजावलं होतं, टीबीचं नाव काढायचं नाही. ते मी पुढेही पाळत राहिले. वानलेसवाडीच्या टीबी सॅनिटोरियमचं नुसतं नाव निघालं तरी आमच्या आजीच्या वेळच्या बायका आवाज खाली करायच्या. तेच माझ्यात उतरलं असणार.

आता आम्ही पाचजण आहोत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी फिजिओथेरपिस्टबाईंच्या हॉलमध्ये बसतो, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून. ताप-सर्दी असेल त्याने यायचं नाही. एक मुलगा आहे, त्याला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे कफ चिकट होऊन फुफ्फुसात साचतो. त्या आजारात एका रुग्णाचे जंतू दुसऱ्याला लागू शकतात, म्हणून तो फक्त फोनवर असतो. फोन मध्ये ठेवतो आणि त्याच्यासाठी जरा मोठ्याने बोलतो. एकवीस वर्षांचा आहे, आमच्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त कळतं. तीन टक्क्यांचं सलाईन नेब्युलायझरमधून घ्यायचं, मग आरशावर वाफ धरतो तसं "हाऽ" करून श्वास सोडायचा म्हणजे घशाला त्रास न होता कफ वर येतो, हे बाईंनी शिकवलं होतं, पण मला जमलं ते त्याच्यामुळे. फोनवर त्याने माझे "हाऽ" ऐकले आणि म्हणाला, "काकू, तुम्ही घशातून करताय, पोटातून करा."

आमच्यातल्या जयसिंगपूरच्या काकांचं वेगळं आहे. खोकला वाढला की ते दुकानातून नुसती अझिथ्रोमायसिन आणून खायचे, कित्येक वर्षं. या जंतूवर हे मुख्य औषध आहे, पण एकटं दिलं की जंतू त्याला सरावतो. आता त्यांना इंजेक्शनं चालू आहेत आणि त्यांनी ऐकू कमी येऊ शकतं, म्हणून कानांची तपासणी सतत करावी लागते. म्हणून आमचा एक नियम आहे. आपलं औषध दुसऱ्याला सुचवायचं नाही आणि कुणाला बंद करायला सांगायचं नाही. ते डॉक्टरांचं काम. आम्ही बाकीचं सांगतो. गोळ्यांच्या दिवशी तोंडाची चव गेली की काय खाववतं, चालताना दम लागला तर कुठे थांबायचं, नवऱ्याला रात्री झोप लागत नाही तेव्हा अंथरूण कुठे घालायचं.

माझ्या गोळ्या सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यातल्या इथॅम्ब्युटॉलने डोळ्यांवर परिणाम होऊ शकतो, आधी रंग फिके दिसतात, लाल-हिरवा ओळखू येत नाही. डॉक्टर तपासतातच, पण अक्का म्हणाल्या, तुमच्याकडे रिळं आहेत ना? आता रोज सकाळी मशीनपाशी एक डोळा झाकून लाल रीळ बघते, हिरवं बघते, मग दुसरा डोळा. जंतू पाण्यात-मातीत असतो, म्हणून शॉवर बंद केला, बादली-तांब्याने आंघोळ करते. तुळशीची माती बदलायची असली तर शेजारच्या काकू बदलतात.

मार्गशीर्षात कल्चर पहिल्यांदा निगेटिव्ह आलं. तिथून बारा महिने औषध घ्यायचं असतं, त्यातले आठ झाले. जंतू गेला तरी नळ्या तशाच राहणार आणि तो परतही येऊ शकतो. हे तुला मी आत्तापर्यंत सांगितलं नव्हतं. अक्कांना माहीत होतं. या एका बाबतीत तुझं रडणं बरोबर होतं.

इथून पुढे रक्त पडलं तर त्या रात्री आधी अक्कांनाच फोन करेन, हेही खरंच सांगते. पण सकाळी पहिला फोन तुला. चालेल का, ते कळव.

राखीला येशील तेव्हा मी सहा ते सात कफ काढत असेन. आवाज चांगला नसतो, ऐकवत नाही कुणाला. पण दार लोटणार नाही. तू चहा घेऊन आत आलीस तरी चालेल. आणि चिनूला रंग कळायला लागलेत म्हणालीस ना, तर सकाळची रिळं त्याच्याच हातात देईन. माझा डोळा झाकून तो विचारेल, आजी, हे कुठलं?

तुझी,
आई